सालानं न्हाई, कायमची

वकीलसाहेबांनी आंबा चोखला आणि कोय माझ्या मार्कलिस्टवर ठेवली.

टेबलावर ताटली होती. पायाशी कचऱ्याची बादली होती. कोय ठेवायला त्यांना माझ्या लॉच्या सीईटीचा निकालच सापडला. रस ओघळत माझ्या नावावर गेला. समोरचे दोन पक्षकार हसले. पक्षकारांना हसावंच लागतं.

आंबे अब्बांनीच आणलेले. धारूरच्या कोर्टाच्या कोपऱ्यावर अब्बांचा फळांचा गाडा. निवडून निवडून पिशवी भरली आणि मला घेऊन साहेबांकडे आले. पहिल्या वर्षाला नंबर लागायला दोन महिने होते. तेवढ्यात एखाद्या वकिलाकडे काम मिळालं तर कॉलेजात जायच्या आधी कोर्टाच्या कागदांची ओळख होईल, असा माझा हिशेब. तीन ऑफिसं आधीच फिरून झाली होती. एकानंही आत बोलावलं नव्हतं.

"साहेब, पोरगी हुशार हाय. दोन महिने तुमच्यापाशी बसू द्या," अब्बा म्हणाले. उभ्यानेच. खुर्च्या रिकाम्या होत्या.

साहेबांनी बोटं पुसली. "आंबेवाल्याची पोरगी वकील? मंग आमी काय आंबे इकायचे का?"

पुन्हा हशा.

"तुमच्यात तर लवकर लग्न लावून मोकळे होतेत की. हिला कावून कोर्टात हिंडिवता?"

अब्बाही हसले. त्यांच्या त्या हसण्याचा राग मला अजून आहे. मी निकाल उचलला, ओढणीनं पुसला. दुसऱ्या दिवशी कामावर गेले. होय, गेले. तेव्हा मला वाटायचं, मोठा माणूस आहे, बोलणारच.

मोठा माणूस! भिंतभर काचेचं कपाट, आत लाल पाठीची कायद्याची पुस्तकं. मी होते तेवढ्या दिवसांत ते कपाट एकदाही उघडलं नाही. किल्ली कुठं आहे तेही कुणाला माहीत नव्हतं. साहेबांची सगळी वकिली फोनवर चालायची. "तलाठ्याला सांगतो." "फौजदार आपलाच हाय." मी खुर्च्या पुसायचे, चहा सांगायचे, झेरॉक्स काढायचे. माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. "ए आंबेवाली" म्हणायचे. दुपारी साहेब झोपले की मी जुनं घेतलेलं कराराच्या कायद्याचं पुस्तक काढायचे. पहिल्या वर्षाला तो विषय असतो. एक शब्द, एक व्याख्या, असं पाठ करत होते.

एक दिवस त्यांना कळलं की मला उर्दू वाचता येतं. सातवीपर्यंत मी उर्दू शाळेत होते. नाना, म्हणजे आईचे वडील, तहसीलबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहायचे. निजामाच्या काळातलं घसटतं अक्षर वाचायला त्यांनी शिकवलं होतं. आमच्या भागात जमिनीचे जुने कागद उर्दूत आहेत, आणि ते वाचणारी माणसं मरत चाललीत. साहेबांनी त्या दिवशी पहिल्यांदा मला खुर्चीवर बस म्हटलं.

समोर एक बाई होती. घाटाखालच्या वाडीची. साठीची असेल. खुर्ची सोडून दाराशी जमिनीवर बसलेली. तिच्या सासऱ्याच्या बापाला मिळालेल्या जमिनीचा कागद तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढला. तिच्या गावच्या सरपंचानंच तिला "आपल्या वकिलाकडं जा" म्हणून पाठवलं होतं. हा सरपंच म्हणजे आमच्या वकीलसाहेबांचा मेव्हणा. त्या जमिनीत त्याचाच ऊस उभा. हे नातं बाईला माहीत नव्हतं. मला होतं, कारण साहेब फोनवर माझ्यासमोरच बोलायचे. माझ्यासमोर बोलायला त्यांना काहीच वाटत नसे. स्टुलासमोर कुणाला वाटतं?

मी कागद वाचला. जमीन "दवामी" दिलेली होती. दवामी म्हणजे कायमची.

"मराठीत लिही," साहेब म्हणाले. "जमीन सालानं दिली."

"साहेब, इथं दवामी..."

"दवामी म्हंजे सालानं. लिही आन् खाली सही कर."

बाईचा जबाब आधीच टाइप होऊन पडला होता. जमिनीवर आपला हक्क नाही, असा. तिचा अंगठा तेवढा राहिला होता. शाईचं पॅड उघडं होतं. फसवून घेतलेली संमती ही संमती नव्हे, हे मी त्याच आठवड्यात पाठ केलं होतं. ती फसवणूक समोर पान चघळत बसली होती.

आणि मी "सालानं" लिहिलं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर कसायला दिलेली. हे मी लपवणार नाही. माझ्या हातानं लिहिलं.

तेवढ्यात बाईनं विचारलं, "बाळा, काय लिवलंय गं त्यात?"

कुणालाच नव्हे, तिनं मला विचारलं. तिला वाटलं, वाचणारी मी आहे तर सांगणारीही मीच.

मी लिहिलेला शब्द खोडला. जुना कागद हातात घेतला आणि मोठ्यानं वाचला. आधी उर्दूत, मग मराठीत. "मावशी, जमीन कायमची हाय. तुमच्या घरच्याला दिल्याली. सालानं न्हाई. अंगठा देऊ नका."

साहेबांचं पान थांबलं.

"बाहेर हो," ते म्हणाले. "ह्या कोर्टात तुला कुणी दारात उभं करणार न्हाई. बापाचा गाडा बी कसा लागतोय, बघतो."

बाई उठली. टेबलावरचा कागद तिनं स्वतः उचलला, पिशवीत घातला आणि माझ्या आधी पायऱ्या उतरली. पुढं ती बीडच्या एका वकिलाकडे गेली असं कळलं. दावा दाखल झालाय. निकाल नाही. ऊस अजून मेव्हण्याचाच.

तिसऱ्या दिवशी नगरपंचायतीची माणसं आली आणि अब्बांचा गाडा कोपऱ्यावरून हलवला. एवढीच साहेबांची ताकद. आंबेवाल्याचा गाडा ढकलण्याएवढी. बाईसमोर एक शब्द खरा बोलण्याएवढी नाही.

अब्बा घरी आले ते पाणीही न पिता म्हणाले, "कायकू बोली बेटा? जा, माफी मांग."

"नहीं मांगती," मी म्हणाले.

 अब्बा आता बसस्टँडच्या मागं गाडा लावतात. तिथं गिऱ्हाईक कमी. अजून म्हणतात, तुझं चुकलं. मी त्यांना समजावत नाही.

उरलेला उन्हाळा मी तहसीलबाहेर, नाना बसायचे त्याच लिंबाखाली बसले. लोक जुने कागद आणायचे, मी वाचून द्यायचे. गेल्या महिन्यात पहिल्या वर्षाला नंबर लागला. लोक म्हणतात, शिकून पुण्याला जा, इथं काय ठेवलंय. इथंच ठेवलंय. पाच वर्षांनी सनद घेऊन मी धारूरच्याच कोर्टात उभी राहणार. साहेबांनी ज्यांना ज्यांना न वाचता अंगठा द्यायला लावला, त्यांची घरं शोधणार. एकेक प्रकरण उघडणार. तोवर ते म्हातारे झाले, तरी सोडणार नाही.