शून्याचा ताळा

लायब्ररीनं चूक केली होती आणि ती मी पकडली होती! त्या दुपारी मी खुर्चीतून उडालेच. स्वयंपाकघरापर्यंत गेले आणि तशीच परत आले, कारण घरात सांगायला कुणी नव्हतं. नवरा इथेच, दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या त्याच्या कारखान्यात, आणि लेक शाळेत.

लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे, गणिताची. हे एक सॉफ्टवेअर आहे. त्याला समीकरण द्यायचं, ते x ला x च ठेवून आपण वहीत सोडवतो तसं सोडवून देतं. जगभरातली माणसं ते हौसेनं, फुकट लिहितात. कुणीही कोड उघडून बघावा, चूक सापडली तर दुरुस्ती पाठवावी. जुनी मंडळी ती तपासतात आणि पटली तरच आत घेतात.

पुण्यात मी एकोणीस वर्षं अकरावी-बारावीला गणित शिकवलं. नवऱ्याला इथे नोकरी लागली आणि मी व्हिसावर नुसती ‘त्याची बायको’ झाले. तक्रार नाही, पण माझं काम कुणी तपासलंय, बरोबर म्हटलंय असं पाच वर्षांत घडलं नव्हतं. लेकीसाठी उदाहरणं काढता काढता पायथॉन ही संगणकाची भाषा शिकले आणि या लायब्ररीच्या नादी लागले. माझी एक तरी दुरुस्ती आत जावी, एवढंच मनात घेतलं होतं. एवढंच म्हणतेय खरी, पण त्यापायी दोनदा आमटी करपवली.

चूक अशी होती. x गुणिले दोनचा x वा घात, बरोबर तीन x. याला दोन उत्तरं आहेत आणि त्यातलं एक शून्य. लायब्ररी शून्य देतच नव्हती. कोडमध्ये शोधत शोधत तीन दिवसांनी मी त्या ओळीवर पोचले. तिथे दोन्ही बाजूंना सरळ x ने भागलं होतं! x शून्य असेल तर काय, हा प्रश्नच नाही. अहो, हे तर अकरावीची पोरं करतात! या एका चुकीवर मी किती लाल पेनं संपवली असतील. जगातल्या एवढ्या हुशार माणसांनीही तेच करावं, याचा मला इतका आनंद झाला की बस.

दुरुस्ती तीन ओळींची. जिथे x ने भागलंय, तिथे उत्तरांत शून्य घालायचं. खलास. मग लायब्ररीच्या जुन्या चाचण्या चालवल्या. दुरुस्तीनं दुसरीकडे काही मोडलं नाही ना, हे त्या बघतात. कुकर झाला, पोळ्या झाल्या, तरी त्या चालूच. शेवटी सगळीकडे हिरव्या खुणा आल्या. दुरुस्ती पाठवली आणि दर दहा मिनिटांनी फोन बघू लागले.

उत्तर आलं ते शनिवारी, आम्ही शारजात असताना. पोहे, मसाले आणायला आम्ही तिथल्या रोल्ला बाजारात जातो आणि पहिला अर्धा तास पार्किंग शोधत गोल गोल फिरतो. तिसऱ्या फेरीला फोन वाजला. तपासणारा कुठल्या देशातला, बाई की बुवा, नावावरून मला आजही सांगता येत नाही. दोनच ओळी होत्या. आभार. आणि x गुणिले लॉग x बरोबर शून्य, याचं काय?

माझं टाळकंच फिरलं. याचं काय म्हणजे काय? x शून्य, नाहीतर लॉग x शून्य. म्हणजे उत्तरं शून्य आणि एक. हा मला शिकवणार! सामानाच्या यादीमागे मी तावातावानं लिहायला घेतलं. रीतच ती: उत्तर आलं की मूळ समीकरणात घालून ताळा बघायचा. एक घातला, जमला. शून्य घातलं. शून्य गुणिले शून्याचा लॉग.

शून्याला लॉग नसतो.

मी किंचाळले. नवऱ्यानं करकचून ब्रेक मारला. "अगं, काय झालं? कुणाला लागलं का?"

"ममा, यू स्केअर्ड मी!" मागून लेक.

"माझं चुकलं! शून्य चालतच नाही तिथे!"

"एवढंच ना? मला वाटलं, गाडी ठोकली मी. यल्ला, उतरा दोघी, पोहे घ्या. मी बघतो पार्किंग."

उतरले, पण पोहे राहिले बाजूला. दुकानाच्या दारात उभ्या उभ्या मला हेच उदाहरण, हेच उत्तर दुसऱ्या कुणाच्यातरी अक्षरात दिसायला लागलं. बारावीची चाचणी होती. पेपर दाखवायच्या दिवशी टेबलापाशी पोरांची रांग लागायची. मॅडम, अर्धा वाढवा, मॅडम, एक वाढवा. मला त्याचा भयंकर तिटकारा. माझा नियम होता, पेपर घ्या आणि मुकाट्यानं बसा. शेवटच्या बाकावरच्या एका मुलीनं या उदाहरणाचं उत्तर फक्त एक असं लिहिलं होतं. मी अर्धा गुण कापून "शून्य विसरलीस" असं लाल शाईत लिहिलं. ती रांगेत आली, तोंड उघडलं, "मॅडम, पण..." एवढंच म्हणाली.

"बस खाली," मी म्हटलं. ती बसली. आज दुकानाच्या दारात मला त्याची लाज वाटली, अगदी कानापर्यंत. वर्गाला ताळा करा म्हणून ओरडणारी मी, स्वतः केला नव्हता. आणि दुरुस्ती पाठवताना पुन्हा तेच.

घरी येऊन दुरुस्ती बदलली. आता शून्य आपोआप घालायचं नाही. आधी मूळ समीकरणात घालून बघायचं, जमलं तरच ठेवायचं. सोबत एक नवी चाचणी जोडली, x गुणिले लॉग x, उत्तर फक्त एक. वर इंग्रजीत टीप लिहिली की हे उदाहरण माझ्या एका विद्यार्थिनीनं बरोबर सोडवलं होतं आणि मी चूक दिलं होतं. या वेळी ताळा दोनदा बघितला आणि मगच पाठवायचं बटण दाबलं.

सोमवारी सकाळी दुरुस्ती आत गेली! तपासणाऱ्यानं लिहिलं होतं, टीप राहू द्या. मी एकटीच टाळ्या पिटत हॉलभर फिरले, नवऱ्याला कारखान्यात फोन केला, तो म्हणाला, "मबरूक, हबीबी! अभिनंदन! आता जेवण करपणार नाही ना?"

मग जुन्या बॅचच्या ग्रुपवर तिला शोधलं. ती आता दोन मुलांची आई आहे. सगळं सविस्तर लिहिलं, माफी मागितली, त्या नव्या चाचणीचा आणि टीपेचा फोटो पाठवला. म्हटलं, तुझा अर्धा गुण आता जगभर चालतोय.

मग तिचं उत्तर आलं.

"मॅडम, मग आता उभी राहून बोलू का?"

मी लिहिलं, "बोल."