पदरावरचा चुरा

उपाशीपोटी रक्त द्यायचं होतं आणि मी चहात चार खाऱ्या बुडवून खाल्ल्या. तेव्हा साठीची होते. अक्कल अजून यायची होती.

मधुमेहाच्या संशोधनासाठी एक बाई आमच्या बजाजनगरात घरोघरी रक्त घ्यायला यायची. करमाडहून पहिल्या बसनं. लोकांना उपाशी ठेवून आपण कसं खायचं, म्हणून स्वतःही नुसतं पाणी पिऊन निघायची. नळीवर नंबर लिहिला की त्यावर बोट ठेवून तो पुन्हा वाचायची.

"काही खाल्लं का, मावशी?"

"छे गं! कालपासून उपाशी हाय."

रक्त काढून झालं आणि तिची नजर माझ्या पदरावर गेली. खारीचा चुरा! तिनं भरलेली नळी कचऱ्याच्या लाल पिशवीत आपटली. मी वर निर्लज्जासारखी म्हणाले, "एका नळीनं काय बिघडतंय? चहा घे."

आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

चपला घालता घालता ती म्हणाली, "माझ्याशी लाख खोटं बोला, मावशी. पण ह्या आकड्यांवरून उद्या डॉक्टर गोळी ठरवणार हायेत. ती तुमच्याच लेकीला द्यायची असंल तर?"