केसरच्या वाट्याचं दूध

पारूबाई नवी नवरी होती. गोठ्यामागं गोवऱ्या थापत असताना सासू-सासऱ्यांचं भांडण तिच्या कानी पडलं.

"म्हैस व्याली आन् हल्या झाला. नशीबच फुटकं," सासरे माणिकराव म्हणाले.

"थोरल्या सुनेला पोरगी झाली तवा बी हेच म्हणलात," सासू चतुराबाई फणकारली. "गोठ्यात मादी पायजे, घरात नर. एक कायतरी ठरवा की!"

"बाप्याला कोणतं सुख हाय गं? जल्मभर मरमर राबायचं."

"मंग पुढल्या जल्मी बाई व्हा. लुगडं माझं घ्या!"

पारूबाई तोंडात पदर कोंबून हसली. हसू यायचं वयच होतं ते.

शहाऐंशीच्या दुष्काळात तिच्या पदरात चार वर्षांचा उत्तरेश्वर नि दीड वर्षाची केसर. अंगावरचं दूध आटलेलं, म्हैस जेमतेम दीड लिटर देई. गावच्या दूध सोसायटीचा नियम एकच, रोज दूध घालील त्यालाच पेंड. पेंड तुटली की म्हैस गेली, म्हैस गेली की घर गेलं. म्हणून नवरा, शहादेव, एक कप तेवढा मागं ठेवी, तोही उत्तरेश्वरला. "पोरीला भाकर कुस्करून दे," म्हणे. माणूस दुष्ट नव्हता बापडा, स्वतः कोरा चहा प्यायचा.

कडेवर केसर, हातात किटली, अशी पारूबाई डेअरीला निघे. एकदा वाटेत पोर म्हणाली, "माय, दुदू." वाटेवर चिटपाखरू नव्हतं. पारूबाईनं किटली खाली ठेवली, झाकणाला हात लावला. माप कमी भरलं तर नवरा विचारील, या भ्यानं हात मागं घेतला.

आठ दिवसांनी केसर हगवणीनं गेली.

शहादेव डेअरीच्या भिंतीआड बसून रडला, नि तोंड पुसून कोरड्या डोळ्यांनी घरी आला. पारूबाईला चारचौघांत रडायची मुभा होती, तर तिला रडूच येईना. त्या दिवशी वाटेत नवऱ्यानं हात धरून अडवलं असतं तर त्याच्या नावानं बोटं तरी मोडली असती. पण झाकणावरून मागं घेतलेला हात तिचाच होता.

पुढं कैक वर्षांनी बचत गटात शहरातल्या एका बाईनं विचारलं, "त्रास जास्त कुणाला, बाईला का पुरुषाला?" सगळ्याजणी तावातावानं बोलल्या. पारूबाई एवढंच म्हणाली, "मेली तिला इचारा."

म्हातारपणी पारूबाई वारली, त्या दिवशी सकाळपासून तिच्या अंगात ताप होता. तरी तिनं धार काढली. रोजच्यासारखा आधी उत्तरेश्वरच्या लेकीला, आपल्या नातीला, पेला भरून दिला, पोरीनं तो संपवीपर्यंत समोर उभी राहिली, मग डेअरीला गेली.

"आजी, आज बी माप कमीच?" सेक्रेटरी म्हणाला.

"आज बी," ती म्हणाली, नि पेंडीची पिशवी काखेत मारून घराकडं चालू लागली.