पिंट्याच्या पायातली घुंगरं

फोन आला तेव्हा मी पैंजणाला घुंगरं जोडत होते. आमच्या ह्यांनी फोन कानाला लावला, "कुठं?" एवढंच विचारलं आणि समोरच्या ऐरणीच्या ओंडक्यावर स्वतःचं डोकं आपटायला लागले. रक्त आलं तरी थांबेनात... माझा दीर पिंट्या कोल्हापुरात स्टँडमागच्या संडासात मरून पडला होता. सुई दंडातच होती.

आम्ही हुपरीचे, घरातच चांदीचं काम. पिंट्या माल पोचवायला मुंबईला जायचा. तिथं पावडर ओढायला शिकला, मग सुईवर गेला. घरात मारामाऱ्या सुरू झाल्या. ह्यांनी त्याला पट्ट्यानं फोडलं, त्यानं ह्यांच्या मनगटाचा लचका तोडला. पोलिसांनी नेऊन तुडवलं. सुटून आला तो थेट सुईकडंच गेला. शेवटी गल्लीतल्या आशाताईंनी कोल्हापुरातल्या सरकारी व्यसनमुक्ती केंद्राचं सांगितलं. तिथल्या भिंतीवर लिहिलं होतं, 'व्यसन हा आजार आहे.' मी चौथी शिकलेली, ते दोनदा वाचलं. सिस्टर रोज गोळी कुटून त्याच्या जिभेखाली ठेवायच्या आणि विरघळेपर्यंत तोंड मिटून बसवायच्या. सगळं फुकट. बाहेर आला की म्हणायचा, "वैनी, एवढा गप तर मी शाळेतबी बसलो न्हाय."

हळूहळू तो कामाला बसायला लागला. एक दिवस म्हणाला, "माझ्या पायात घुंगरं घाल. पळाय लागलो तर आईला ऐकू येतील."

"लाज न्हाई वाटायची?"

"ती मुंबईतच ठेवून आलोय की."

मी घुंगरांची बारीक साखळी केली, त्याच्या पायात घातली आणि चिमट्यानं कडी दाबून टाकली. त्यानंतर तो उठला की सासूबाई चुलीपासून ओरडायच्या, "बघ गं, कुठं चाललाय!" आणि हा अंगणातून, "मुताय चाललोय, आये! त्यालाबी डाक्टरची चिठ्ठी लागती व्हय?" कितीतरी दिवसांनी घरात हसू आलं होतं.

मग एका व्यापाऱ्यानं ह्यांच्या कानात घातलं की ती गोळीही अफूच्याच जातीची आहे. हे केंद्रात जाऊन डॉक्टरांवर ओरडले, "नशा सोडवाय सरकारच नशा देतंय व्हय?" डॉक्टर शांतपणे म्हणाले, "बीपीची गोळी रोज घेतात, तशी ही आहे. एकदम बंद करू नका, जीवावर बेतेल." ह्यांनी ऐकलं नाही. गोळी बंद झाली. पिंट्या घामानं भिजला, ओकला, भिंतीवर डोकं आपटू लागला. दार अडवणाऱ्या आईला त्यानं ढकललं, तिचं कपाळ ऐरणीवर फुटलं. ह्यांनी हातोडीच्या दांड्यानं त्याचा गुडघा ठेचला आणि एका खाजगी केंद्राला फोन लावला. तिथली माणसं जीप घेऊन आली. त्याचे हात मागं बांधले, तोंडावर लाथा घातल्या. गल्ली उभी राहून बघत होती. "असंच पायजे," कुणीतरी म्हणालं. जीपमधल्या एकाला त्याच्या पायातली साखळी दिसली. "बाईल्या हाय काय रं?" म्हणत त्यानं ती ओढून तोडली आणि गटारीत फेकली. मी ती उचलली.

काही महिन्यांनी पिंट्या परत आला. पुढचे दात नव्हते, पाठीवर वळ उमटलेले. ह्यांनी पेढे वाटले, "नशा बिनगोळीची सुटली!" ताट द्यायला मी हात पुढं केला, तर पिंट्यानं दोन्ही हातांनी डोकं झाकलं. मी हळूच म्हणाले, "सरकारी केंद्रात जाऊया परत, गोळी सुरू करू." तो ह्यांच्याकडं बघत पुटपुटला, "नगं वैनी. दादाला कळलं तर परत तिकडं धाडंल." त्याच आठवड्यात तो फोन आला. सरकारी केंद्रातले डॉक्टर म्हणाले, "अंगाची सवय मोडली होती. त्यानं सुईत जुन्याच मापानं भरलं, ते झेपलं नाही." हे त्यांच्यासमोर हात जोडून उभे होते.

साखळी मी धुऊन कामाच्या डब्यात ठेवली आहे. तुटलेली कडी जोडलेली नाही. काम मात्र चालूच आहे. पैंजण तयार झालं की वाजवून बघावं लागतं. मी आवाज होऊ नये म्हणून ते मुठीत धरून हलवते, तरी सासूबाईंना ऐकू जातं. चुलीपाशी त्यांचा हात थांबतो.

"बघ गं," त्या म्हणतात, "कुठं चाललाय."

मी उठते आणि दारापर्यंत जाऊन येते.