न कापलेली दोन पानं

वसुधाताईंचं पुस्तक आपल्यापैकी कुणीही वाचलेलं नाही.

हे मी रागाने म्हणत नाहीये.
म्हणजे, रागानेच म्हणतेय. पण माझ्याकडे पुरावा आहे.

गेल्या आठवड्यात ताई गेल्या. हार्ट.

ज्यांना त्या माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. ताई साताऱ्याला शाळेत भूगोल शिकवायच्या. रिटायर झाल्यावर काकांबरोबर लेकीजवळ आल्या, आमच्या लंडनला. कॅनडाच्या ओंटारियोतल्या. इथली थंडी पाहिली, थंडीबद्दलच्या आपल्या गप्पा ऐकल्या, आणि बेसमेंटमध्ये बसून साध्या मराठीत एक पुस्तक लिहिलं. हवा म्हणजे काय, हवामान म्हणजे काय आणि ते कसं बिघडत चाललंय.

"माझ्या धाकट्या बहिणीला कळलं पाहिजे," म्हणायच्या. "तिला कळलं तर कुणालाही कळेल."

छपाई पुण्यात झाली. प्रूफं मी तपासली होती, म्हणून इथे आलेला पहिला खोका उघडायचा मान माझा.

उघडला, आणि कपाळाला हात लावला.

मधली दोन पानं कडेला कापायचीच राहिली होती. सगळ्या प्रतींत. आतला मजकूर वाचायचा तर सुरीने सोडवावी लागणार.

मी सुरी आणायला उठले.

"बस गं मेधा. राहू दे तशीच."

"अहो ताई, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत की! शेवटच्या पानावर माझा फोन नंबर आहे. जो वाचेल तो तिथे अडेल. अडेल तो फोन करेल. मग बोलेन ना मी त्याच्याशी."

शेवटी मास्तरीणबाई. वर्गात कोण ऐकतंय आणि कोण नुसतं बघतंय, ते त्यांना बरोबर कळायचं.

त्या संक्रांतीला हळदीकुंकवात आम्ही प्लास्टिकचे डबे आणि सुगंधी मेणबत्त्या वाटत होतो.
ताईंनी वाण म्हणून पुस्तक लुटलं.

काय कौतुक झालं! फोटो काय, सेल्फी काय. "सो प्राउड ऑफ यू, ताई!"

फोन आला नाही.

फेब्रुवारीत पारा उणे तीसला गेला तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी टाकलं, "ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून कंबर मोडली. ताईंना विचारा, कुठे गेलं त्यांचं ग्लोबल वॉर्मिंग?" खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

याच प्रश्नाचं उत्तर त्या दोन पानांत होतं. नेमकं तिथेच.

ताईंनी ग्रुपवर फक्त नमस्काराचे हात पाठवले.

पुढच्या संक्रांतीला एका कॉन्डोत हळदीकुंकू होतं. वाण फिरतं, हे आपण सगळ्या जाणतो. एकीकडची वाटी दुसरीकडे, दुसरीकडची तिसरीकडे. कुणी वाईट वाटून घेत नाही.

त्या दिवशी गिफ्ट रॅप केलेलं एक वाण ताईंच्या हातात पडलं. गाडीत बसल्यावर त्यांनी कागद सोडवला.

त्यांचंच पुस्तक.

देणारीला बहुतेक आत काय आहे तेही आठवत नसावं.

ताईंनी मधल्या पानांवरून अंगठा फिरवला. कड जोडलेलीच होती.

आधी हसल्या. "चांगलं गावभर फिरून आलं की."

मग हायवे लागला. आणि म्हणाल्या, "मेधा, मी अवघड लिहिलं का गं?"

नव्हतं हो ताई. अजिबात नव्हतं.

घरचा लँडलाईन मात्र त्यांनी काढू दिला नाही. काका म्हणायचे, "अगं, त्यावर फक्त इंडियातल्या कॉल सेंटरमधून डक्ट क्लीनिंगवाल्यांचे फोन येतात." तरी रिंग वाजली की ताई गुडघे धरत बेसमेंटचा जिना चढायच्या. एकदा तर त्या डक्ट क्लीनिंगवाल्यालाच हिंदीतून समजावून सांगितलं, हवा गरम झाली की तिच्यात पाणी जास्त कसं मावतं. तो बिचारा बराच वेळ ऐकत होता. त्या दिवशी ताई इतक्या खूश होत्या, की मला घरी बोलावून थालीपीठ खाऊ घातलं.

हॉस्पिटलमध्ये शेवटच्या दिवशी त्यांनी काकांना विचारलं, "कुणाचा फोन आला होता का?"

काका म्हणाले, "हो, आला होता."
हे त्यांनी मला नंतर सांगितलं. सांगताना माझ्याकडे बघत नव्हते.

काल फ्युनरल होममध्ये सगळे जमलो होतो. जानेवारी, आणि बाहेर पाऊस. बर्फाचा पत्ता नाही. "बघ ना, किती छान वेदर मिळालं ताईंना," माझ्या मागे कुणीतरी म्हणालं.

मग आपल्यातलीच एक मैत्रीण माइकवर गेली. डोळे पुसत म्हणाली, "ताईंचं पुस्तक मी दोनदा वाचलं. इट चेंज्ड मी."

नंतर कॉफीपाशी मी तिला हळूच विचारलं, "मधली पानं कशी सोडवलीस गं?"

"कुठली पानं?"

"काही नाही. साखर देऊ?"

मला भांडायचं होतं. पण समोर काका उभे होते.

रात्रभर वाटत होतं, एवढं साधं, एवढं मायेने लिहिलेलं आपल्याच माणसांनी उघडलं नाही, तर बाकीच्या जगाकडून काय आशा धरायची? मला तर आता काहीच आशा वाटत नाही. खोटं कशाला बोलू.

त्या पानांत काय आहे ते इथेच सांगते. कारण तुम्ही सुरी शोधणार नाही, हे मला माहीत आहे.

ताईंनी लिहिलंय, "एक दिवस आमटी खारट झाली, तर ती हवा. घरातला हातच मिठाला जड झाला, तर ते हवामान. एखाद दिवशी आमटी अळणी झाली म्हणून तो हात सुधारला असं समजू नका. आणि घर आपलंच आहे. खारट आहे हे कुणीतरी बोलायला हवं."

बस. एवढंच होतं.

कुणाला तरीही पुस्तक काढावंसं वाटलं, तर काढा. पानं जपून सोडवा. कागद पातळ आहे.

पण काही प्रश्न पडला तर शेवटच्या पानावरच्या नंबरवर फोन करू नका. काकांना आता ती रिंग ऐकवत नाही. आज सकाळी त्यांनी तो नंबर बंद करून टाकला.

ताई, या तुम्ही आता. जिना चढायची गरज नाही.