नकाशातलं केळीचं पान
केळीचं पान कापलं की त्याच्या ओल्या वासाबरोबर मला तो नकाशा आठवतो. आमच्या केळीच्या वाडीतून नवा रस्ता जाणार होता, म्हणून मी नि बायको कचेरीत हरकत द्यायला गेलो. साहेब भिंतीवरचा नकाशा दाखवत बायकोला म्हणाले, "मावशी, शहर केळीच्या पानासारखं आखलंय. मधला दांडा म्हणजे हा रस्ता, शिरा म्हणजे गल्ल्या." ते भलंमोठं रंगीत पान बघून मी नुसती मान डोलावली. अक्षर न ओळखणारी माझी बायको मात्र पुढं झाली. "साहेब, पानाचा दांडा पन्हाळीसारखा खोल असतो, सगळं पानी त्यातून उतरतं. तुमचा रस्ता भराव टाकून उंच. मग वाडीचं पानी जायाचं कुठं? केळी कुजतील ना!" मी दटावलं, "गप ग, साहेबाला शिकवतेस?" "त्यांनी केळ लावलीय कधी?" म्हणत तिनं चिकानं काळं पडलेलं बोट नकाशातल्या रस्त्यावरून आडवं ओढलं. साहेब हसले नाहीत. पेन्सिल काढून त्यांनी तिच्या बोटामागोमाग रेघ मारली. रस्ता झाला, अर्धी वाडी गेली, पण त्या रेघेवर रस्त्याखालून पाणी जायला मोरी बांधली. बायकोला जाऊन आता वर्ष झालं. पाऊस लागला की मी मोरीपाशी उभा राहतो. पाणी अजून तिच्या बोटाच्या वाटेनंच जातं, आणि मी तिला गप म्हणालो होतो.