सोलोमधली चुकलेली जागा

शेजारच्या आजोबांचं नाव एका जुन्या रेकॉर्डवर येणार की नाही, हे शुक्रवारी संध्याकाळपर्यंत ठरायचं होतं. आणि आजोबा ओलं गवत कापत होते. ओलं गवत कापू नये हे आमच्या या आयरिश गावात, ल्यूकनमध्ये, शाळकरी पोरांनाही माहीत असतं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. लॅपटॉप उघडा होता, ईमेल अर्धी लिहून झाली होती. फ्रिजवरच्या माझ्या यादीतली इतर सगळी कामं खोडून झाली होती. हे एकच उरलं होतं, आणि काम उरलं की मला स्वस्थ बसवत नाही.

सुरुवात आमच्या बागेतल्या रविवारच्या बार्बेक्यूपासून झाली. नवरा लेटरकेनीच्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. आठवडाभर तिकडे, शुक्रवारी घरी. त्याने फोनवर त्याचं आवडतं रॉक गाणं लावलं. मेडिकलच्या हॉस्टेलमध्ये त्याचा बँड होता, त्यात हा गिटार वाजवायचा. या गाण्याच्या गिटार सोलोमध्ये शेवटच्या ओळीआधी गिटार क्षणभर थांबते आणि मग कोसळल्यासारखी पुढे येते. त्या थांबण्यावर अख्खं हॉस्टेल फिदा होतं.

"खरा कलाकार," नवरा आजोबांना म्हणाला. "कुठे थांबायचं ते कळतं त्याला."

आजोबा कणीस उलटत होते. "कळत-बिळत नव्हतं. मी वर बघत होतो."

आम्हाला वाटलं, गंमत करतायत. मग त्यांनी सांगितलं. तरुणपणी ते लंडनच्या स्टुडिओंमध्ये सेशनवर वाजवायचे. बोलावलं की जायचं, दिलेलं वाजवायचं, घरी यायचं. कव्हरवर नाव नाही. या गाण्याला बँडच्या गिटारवाल्याला सोलो जमत नव्हता. म्हणून यांनी तो आधी नमुना म्हणून वाजवायचा, त्याने ऐकून शिकायचा, मग नमुना पुसून टाकायचा, असं ठरलं होतं. ऐन सोलोत काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट उठून उभा राहिला. यांना वाटलं, संपलं. हात उचलला, विचारलं, "झालं?" त्याने हातानेच खूण केली, चालू ठेव. यांनी चालू ठेवलं. पुढे मायदेशी परतल्यावर डंडॉकमध्ये चिप्सच्या रांगेत उभे असताना रेडिओवर तो सोलो लागला. नमुना कुणी पुसलाच नव्हता. कव्हरवर नाव गिटारवाल्याचं. तो आजही मुलाखतींमध्ये त्या थांबण्यामागचा विचार समजावून सांगतो.

नवऱ्याचं कणीस तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी लेटरकेनीला परत जाताना गाडीतून त्याचा फोन आला.

"म्हणजे आम्ही रात्र रात्र चूक घोटत होतो?"

"हो."

"अगं, पण चांगली वाटायची."

ती रेकॉर्ड आता नव्याने निघणार होती. कंपनीने जाहीर केलं होतं, ज्यांनी वाजवलं आणि ज्यांचं नाव राहिलं, त्यांनी शुक्रवार संध्याकाळपर्यंत कळवावं. मी आजोबांना म्हटलं, आपण कळवू, मी लिहिते. ते ग्रँड म्हणाले. इथे ग्रँड म्हणजे होकार असतोच असं नाही, हे मला अजून लक्षात ठेवावं लागतं.

पुरावा विचारला तर काही नव्हतं. रेकॉर्डिस्ट वारला होता. कागद कधी झालेच नव्हते. फक्त एक गोष्ट होती. गिटार साधी लाकडी होती, इलेक्ट्रिक नाही; माइक तिच्यासमोर, त्यात बोललेलंही येणार. कंपनीकडचा नुसत्या गिटारचा मूळ ट्रॅक लावला, तर त्या थांबण्यात त्यांचं "झालं?" ऐकू येणार. गाण्यात ते ड्रम्सखाली बुडालं आहे. मी लगेच टाइप केलं: येथे वादक चुकून थांबला, कृपया ऐकावे.

"हे नको," आजोबा म्हणाले.

"हाच तर पुरावा आहे."

"मिसेस, मला का बोलवायचे माहीत आहे? हा चुकत नाही म्हणून. आयुष्यभर तेवढंच कमावलं. आता पहिल्यांदा नाव छापणार आणि जग काय म्हणणार? हाच तो चुकलेला."

"मग काय लिहू? ठरवून थांबलो?"

"ते तो गिटारवाला सांगतोच आहे."

रोज ते यायचे, उभ्यानेच चहा प्यायचे, कप धुऊन भलत्याच कपाटात ठेवायचे. पाठवू नको म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी विचारायचे, पाठवलं का? मी वाक्य काढायचे, परत घालायचे. चिडचिड व्हायला लागली, त्यांच्यापेक्षा जास्त माझी.

शुक्रवारी नवरा लवकर पोचला. बूटसुद्धा न काढता तो कुंपणाशी गेला आणि गवत कापायचं यंत्र बंद करायला लावलं.

"एकदा न थांबता वाजवून दाखवाल? तुम्हाला वाजवायचा होता तसा."

आजोबा घरी जाऊन गिटार घेऊन आले आणि आमच्या स्वयंपाकघरात बसले. बोटं जाड झाली आहेत, पण सुरांवर नेमकी पडत होती. सोलो सरळ सुरू झाला, सरळ संपला. कुठे खोट काढायला जागा नव्हती. नवरा जमिनीकडे बघत होता.

"बोल," आजोबा म्हणाले.

"खरं सांगू? हे आम्ही हॉस्टेलमध्ये घोटलं नसतं."

मला वाटलं, आता उठून जातील. ते उठले नाहीत. त्यांनी तीच ओळ परत वाजवली, यावेळी त्या जागी हात उचलला आणि माझ्या खिडकीच्या काचेकडे बघितलं. मग पुढचं वाजवलं. नवऱ्याचा बूट नकळत ठेका धरत होता.

"लिही," ते मला म्हणाले. "चुकला म्हणू नकोस. काय झालं तेवढं लिही."

मी त्यांच्याच तोंडून लिहिलं. काचेपलीकडचा माणूस उभा राहिला, मी वर बघितलं, हात उचलला, विचारलं, त्याने चालू ठेवायची खूण केली. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि मान हलवली. मी पाठवलं.

ते दारापर्यंत गेले आणि परत आले. "हात उचलला, तेही लिहिलंस?"

"लिहिलं."

"काढता येईल?"

"गेली ती ईमेल."

"असू दे," ते म्हणाले, आणि जाऊन ओलं गवत कापायला लागले. मी पेन घेऊन फ्रिजपाशी गेले, आणि ते यंत्र बंद होईपर्यंत यादीतलं शेवटचं काम न खोडता तशीच उभी राहिले.